मंगळावरच्या वसाहतीची पहिली कथा लिहिताय?

कल्पना छान आहे, लिहाच. फक्त नायकाला पहिल्याच पानावर खिडकीशी बसवून रडवू नका. ती चूक आम्ही सगळ्यांनी केलीय. एकटेपणा माणसांच्या गराड्यात दाखवा: शेजारच्याचं तेच घोरणं, तोच विनोद चाळिसाव्यांदा.

दुसरं, घरच्यांशी फोनवर गप्पा नकोत. मंगळावरून संदेश नुसता पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. "बाळाचा ताप उतरला का?" विचारायचं, पंप दुरुस्त करायला जायचं आणि उत्तर हात पुसता पुसता ऐकायचं. तुमची कथा तिथेच आहे.

मॉस्कोत २०१०-११ मध्ये मंगळप्रवासाची नक्कल म्हणून सहाजण ५२० दिवस बंदिस्त राहिले होते. त्या मार्स-५०० प्रयोगाबद्दल जरूर वाचा. किरणोत्सर्ग, गुरुत्वाकर्षण वगैरे नंतर बघू. सध्या मुख्य पात्रं दोनच घ्या.