तो हॉर्न म्हणजे फीचर नाही हो! आधी ड्रायव्हरच्या सीटमागे अंगठा दाबून बघा

तुमचा प्रश्न सकाळी चहा पिताना वाचला आणि चहा गार झाला. 2003 ची पोर्श बॉक्स्टर (घडी होणाऱ्या टपाची दोन सीटांची गाडी) दोन महिन्यांपूर्वी घेतलीत, आधीच्या मालकाने पुस्तक दिलं नाही, म्हणून "या गाडीत लपलेल्या सोयी कोणत्या?" असं विचारलंत. इथवर ठीक. पण शेवटी कंसात हळूच लिहिलंत की लॉक केल्यावर कधीकधी हॉर्न एकदा वाजतो, तेही काही फीचर आहे का, आणि पावसानंतर जरा कुबट वास येतो, पण जुनी गाडी म्हटल्यावर चालायचंच.

नाही चालायचं. मी हेच म्हणालो होतो, शब्दन् शब्द, आणि ते मला महागात पडलं.

स्पॉयलर (मागची वर येणारी पट्टी) ताशी 120 किलोमीटरला वर येतो नि 80 च्या खाली परत बसतो, डिक्या दोन आहेत, इंजिन गाडीच्या मधोमध आहे, हे इतरांनी सांगितलंच आहे. ते सोडून देतो. आधी हॉर्न.

लॉक करताना एकदाच हॉर्न वाजला, तर गाडी सांगत असते की अलार्मच्या पहाऱ्यातली एक जागा नीट बंद नाही. दारं, पुढची-मागची डिकी, आणि दोन सीटांमधल्या कन्सोलचं झाकण. बहुतेक वेळा गुन्हेगार ते झाकणच असतं, त्याचा छोटा स्विच झिजतो. झाकण दाबून धरून लॉक करून बघा. हॉर्न थांबला तर तुम्ही नशीबवान. पण हॉर्न आणि कुबट वास एकत्र म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण या गाडीचं अलार्म, सेंट्रल लॉकिंग आणि इम्मोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) हे तिन्ही सांभाळणारी पेटी डाव्या सीटखाली असते. म्हणजे आपल्याकडे अमेरिकेत ड्रायव्हरच्याच सीटखाली. अगदी तळाला, कार्पेटच्या पातळीवर. पाणी जिथे सगळ्यात आधी साठतं तिथे ज्याने ही पेटी ठेवली त्याने आयुष्यात छत्री वापरली नसावी.

माझी गाडी 2001 ची, साधी 2.7 लिटरची, पाच गिअरवाली. 2014 मध्ये घेतली तेव्हा सनीव्हेलला राहायचो. पार्किंगची जागा एका रेडवूडच्या झाडाखाली. उन्हाळाभर काही नाही, इथे तेव्हा पाऊसच नसतो. रोज संध्याकाळी टपावरच्या बारीक काड्या हाताने झटकायचो नि आपण गाडीची किती काळजी घेतो म्हणून खूश व्हायचो. झटकलेल्या काड्या जातात कुठे, हा विचार एकदाही केला नाही. त्या टपाच्या घडीत जातात, घडीतून मागच्या कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात पाणी जायचं भोक असतं. सहा महिने मी रोज इमानेइतबारे ते भोक बुजवत होतो.

नोव्हेंबरात पहिला पाऊस झाला. हॉर्न एकदा वाजायला लागला. मग वास. मी डॅशबोर्डवर अत्तराची डबी ठेवली. (हसू नका.) मग एका रात्री अडीच वाजता अलार्म जो सुरू झाला तो थांबेना. वरच्या मजल्यावरचे काका खिडकीतून काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता माझी घोडचूक. हाच भाग नीट वाचा, बाकी नाही वाचलं तरी चालेल.

सकाळी गाडी उघडली. रिमोट मेला होता, किल्लीने उघडावी लागली. सीटमागच्या कार्पेटवर अंगठा दाबला तर अंगठ्याभोवती पाणी वर आलं. वरून हात फिरवला तर जेमतेम दमट लागत होतं, पण खाली जाड फोम असतो आणि तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? पुढच्या डिकीतल्या बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी आणि किल्लीला हात लावू नये. मी काय केलं? किल्ली फिरवली. दिवे लागले, स्टार्टर नाही. परत फिरवली. दहा-बारा वेळा. मग वाटलं बॅटरी उतरली असेल, म्हणून मित्राला बोलावून त्याच्या गाडीवरून जम्प दिला. पाण्यात बसलेल्या पेटीला मी स्वतःच्या हाताने आणखी करंट पाजला. नंतर एका जाणत्या माणसाने सांगितलं की आधीच बॅटरी सोडवून पेटी दोन दिवस वाळवली असती तर कदाचित वाचली असती. कदाचित. खात्री कोणीच देणार नाही, पण माझ्या मनातून ते 'कदाचित' अजून जात नाही.

मग गाडी टो करून एका सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काचेच्या भिंती, कॉफीचं मशीन, सगळं झकास. गाडी तीन आठवडे तिथे. पेटी नवी बसवली की तिची इंजिनच्या कॉम्प्युटरशी आणि किल्ल्यांशी ओळख करून द्यावी लागते, त्याला कोड लागतात, त्यामुळे वेळ जातो, हे मान्य. बिल झालं एकोणीसशे डॉलर. तेही गिळलं. मी विचारलं, पाणी आलं कुठून? काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाला, "खिडकी उघडी राहिली असेल." मी म्हटलं, नव्हती राहिली. तो म्हणाला, "आम्हाला गळती सापडली नाही." सापडली नाही की शोधली नाही? कागदावर गळती तपासल्याची नोंदच नव्हती. नवी पेटी त्यांनी त्याच ओल्या कार्पेटवर, त्याच खळग्यात बसवली आणि वर गाडी धुऊन, पुसून दिली.

जानेवारीत जोरात पाऊस झाला. पुन्हा तेच. तीच पेटी, तोच खळगा, तसाच अंगठा. फोन केला तर मॅनेजर म्हणाले, पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. म्हणजे यांनी भोक उघडायचं नाही, आणि त्या भोकामुळे पेटी मेली तर तो माझा निष्काळजीपणा. मी चार मेल लिहिल्या. चौथ्या मेलला उत्तर आलं ते समाधान-सर्वेक्षणाचं, एक ते दहा गुण द्या म्हणून. अजून आठवलं की डोकं फिरतं, जाऊ द्या.

दुसऱ्या वेळी निदान किल्ली फिरवली नाही. एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने सीटकडे पाहिलंही नाही. टप अर्धवट उघडला, मागचं झाकण उभं केलं, डोक्यावरचा टॉर्च लावला आणि लांब चिमट्याने कोपऱ्यातून एक गोळा ओढून काढला. रेडवूडच्या काड्या एकमेकींत विणून काळ्या चिखलात बसलेल्या, सुगरणीचं घरटं शोभावं असा. मग पाण्याची बाटली त्या कोपऱ्यात ओतली. पाणी मागच्या चाकाच्या पुढून भळाभळा खाली आलं. वीस मिनिटं. त्याचे त्याने पैसेही घेतले नाहीत. पेटीसाठी एकाचा पत्ता दिला. त्या माणसाने जुन्या पेटीतल्या चिपमधला डेटा दुसऱ्या वापरलेल्या पेटीत उतरवला, त्यामुळे माझ्या त्याच किल्ल्या चालल्या. तीनशे डॉलरमध्ये काम झालं. हा पर्याय असतो हे काचेच्या भिंतीवाल्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

तर तुम्ही काय करायचं. (मी मेकॅनिक नाही, ऑफिसात बसून काम करणारा माणूस आहे. तुमच्या जबाबदारीवर करा.)

आज रात्रीच सीट पूर्ण पुढे ओढा आणि मागच्या कार्पेटवर अंगठा जोरात दाबा. ओलं असेल तर किल्ली लावू नका, बॅटरी सोडवा. दोन गोष्टी आधी बघून ठेवा. जुना रेडिओ असेल तर बॅटरी जोडल्यावर तो कोड मागतो. पुस्तक नाही म्हणताय म्हणजे कोडचं कार्डही बहुधा गेलं. मला ते माहीत नव्हतं, मी दोन महिने मुका प्रवास केला. आणि या गाडीच्या काचा दार उघडताना जराशा खाली सरकतात, ते बॅटरीशिवाय होत नाही. दार आपटलंत तर काच टपाच्या रबराला घासेल. परत जोडल्यावर काच पूर्ण वर नेऊन बटण थोडं धरून ठेवा, तिला आपली जागा आठवते.

सीट काढायची असेल तर चार बोल्ट आहेत, पण खालची वायर शक्यतो सोडवू नका, सीट नुसती मागे कलवा. वायर सुटलेली असताना किल्ली फिरली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही.

मग भोकं (बॅटरी सोडवली असेल तर पेटी वाळल्यावर ती परत जोडून). हँडब्रेक ओढा (आमच्या वेळच्या गाड्यांत हँडब्रेक वर नसेल तर टप हलतच नाही. अर्ध्या लोकांना वाटतं मोटर गेली, आणि निघतो हँडब्रेकचा स्विच). टप उघडायला लागा आणि मागचं धातूचं झाकण पूर्ण उभं राहिलं की बटण सोडा. दोन्ही बाजूंना, झाकणाच्या बिजागरीखालच्या कोपऱ्यात टॉर्च मारा. आधी काड्या हाताने काढा, मग गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सोडा. तार घालू नका, आतली नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, नळी आतून निसटली तर पाणी थेट केबिनमध्ये. काहीजण हवाच बरी म्हणतील, म्हणू देत, त्यांची गाडी, त्यांचं कार्पेट. शेवटी बाटलीभर पाणी ओतून मागच्या चाकापुढे बघा. पुढच्या डिकीत बॅटरीजवळचे कोपरेही लगे हात साफ करा, तिथेही पानं अडकतात.

झाडाखाली लावत असाल तर हे वर्षातून दोनदा. त्यातलं एकदा पहिल्या पावसाच्या आधी, नंतर नाही.

आता तुम्ही जे विचारलं होतं ते, थोडक्यात. स्पॉयलर थांबलेल्या गाडीतही वर करता येतो, स्विच ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूजच्या झाकणाआड आहे. त्याखाली साठलेला मळ एकदा बघाच. ऑइलची पातळी इंजिन सुरू करायच्या आधी, नुसती किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर दिसते. थोडा धीर धरावा लागतो. मी तरी मागच्या डिकीतल्या ऑइल मोजायच्या दांडीवरच जास्त विश्वास ठेवतो. तुमच्या स्टिअरिंगला खालच्या बाजूला चौथी दांडी नसेल तर तुमच्याकडे ट्रिप कॉम्प्युटर 'नाही', असं आधीचा मालक म्हणाला असेल. मीटरमध्ये तो आधीपासून आहे, फक्त दांडी बसवून कोडिंग करायचं राहिलंय. माझ्या मते या गाडीतली ही एकमेव खरी लपलेली सोय. पुढच्या डिकीच्या झाकणाला आतून एक स्टिकर असतं, त्यावरचे तीन आकडी कोड म्हणजे गाडीची कुंडली. 220 दिसला तर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारी यंत्रणा), 659 म्हणजे तो ट्रिप कॉम्प्युटर कारखान्यातूनच.

तुमच्या 2003 ला मागे काच आहे आणि ग्लोव्हबॉक्सही. आमच्या 2001 ला ग्लोव्हबॉक्सच नाही, आणि मागची खिडकी प्लॅस्टिकची, थंडीत टप उघडताना अर्ध्यावर थांबून हाताच्या कडेने तिची घडी मोडावी लागते, नाहीतर चरा पडतो. तुम्ही त्यातून सुटलात.

आयएमएस बेअरिंगबद्दल (इंजिनाच्या आतलं, या गाड्यांत बदनाम असलेलं बेअरिंग) कोणी घाबरवलं तर तो वेगळा धागा काढा, इथे नको. माझ्या गाडीचं ते अजून शाबूत आहे, पण त्यावरून सल्ला देण्याएवढा मी मूर्ख नाही.

हां, आणि एक निरुपद्रवी गंमत. गाडीच्या सतरा अक्षरी नंबरातलं अकरावं अक्षर बघा. 'एस' असेल तर गाडी श्टुटगार्टची. 'यू' असेल तर ती जर्मनीत नव्हे, फिनलंडमध्ये उसिकाउपुंकीला वाल्मेटच्या कारखान्यात जुळवलेली आहे. 1997 पासून तिथेही या गाड्या बनत होत्या. माझी 'यू' निघाली. तुमची कोणती ते कळवा, पण आधी कार्पेट.