फेब्रुवारीतलं गाव

प्रिय पोरी,

अमेरिकेत शिकायला कुठे जायचं ते ठरवायला केलेली तुझी एक्सेल शीट मिळाली. विद्यापीठांची तीन गावं, चौदा रकाने, प्रत्येक रकान्याला गुण आणि खाली बेरीज. ॲन आर्बर ८६, मॅडिसन ८४, अर्बाना-शॅम्पेन ६१. आठवडाभर रात्री जागून केलंस म्हणे, तुझी आई फोनवर सांगत होती. मेहनत दिसते. पण ज्या गावाला तू ६१ गुण दिलेस तिथे मी दोन वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा लागलं. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तिन्ही गावांत नाहीतर आसपास मी राहिले आहे. १९९९ च्या ऑगस्टमध्ये एम.एस.साठी अर्बानाला आले, मग नोकरीपायी चार वर्षं मॅडिसन, आणि आता कितीतरी वर्षं ॲन आर्बरपासून अर्ध्या तासावर. कुठल्याच गावाशी माझं वाकडं नाही. वाकडं असलंच तर तुझ्या शीटमधल्या ‘रेप्युटेशन’ या रकान्याशी आहे, कारण सगळ्यात जास्त वजन तू त्याला दिलंयस.

गावाचं नाव होतं कसं, ते बघ. ‘राहायला उत्तम’ गावांच्या याद्या ज्यांच्यासाठी निघतात त्यांच्याकडे गाडी असते, पगार असतो, मुलांसाठी शाळा बघायच्या असतात. जुने विद्यार्थी ऑक्टोबरात फुटबॉलच्या मॅचला येतात, तेव्हा मेपल लाल झालेले असतात. आईबाप मे महिन्यात पदवीदानाला येतात, तेव्हा ट्युलिप फुललेले असतात. ही सगळी मंडळी घरी जाऊन गावाचं कौतुक करतात, आणि ते खोटंही नसतं. फेब्रुवारीत मात्र कोणी येत नाही. फेब्रुवारीत तिथे तू असशील, रात्री दहाला लॅबमधून निघालेली, गाडी नाही, बाहेर उणे पंधरा, आणि हातात किराण्याच्या दोन पिशव्या. गुण द्यायचे तर त्या मुलीच्या जागी उभं राहून दे.

ॲन आर्बरचं नाव झालंय ते उगाच नाही. मिशिगन विद्यापीठ १८१७ साली डेट्रॉइटला सुरू झालं आणि १८३७ मध्ये इथे आलं. गाव आणि विद्यापीठ इतके एकमेकांत गुंतलेत की वेशीचा पत्ता लागत नाही. ह्युरॉन नदी आहे, झाडी आहे, मोठं इस्पितळ आहे, डेट्रॉइटचा विमानतळ अर्ध्या-पाऊण तासावर. आईबाबा यायचे म्हणतील तेव्हा या विमानतळाची किंमत कळेल. आणि एक गोष्ट तुझ्या चौदा रकान्यांत नाही. आशियातल्या स्त्रियांसाठी मिशिगनची १९१७ पासूनची बार्बर शिष्यवृत्ती आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल याच शिष्यवृत्तीवर तिथे शिकल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट घेऊन निघाल्या. विभागाला एक मेल टाकून विचार, विचारायला काय जातंय.

पण नाव झालं की भाव चढतो. २००३ साली ॲन आर्बरच्या मतदारांनी स्वतःवर कर लावून घेतला, भोवतालची शेती आणि मोकळी जमीन इमारतींपासून वाचवण्यासाठी. चांगलंच केलं. पण गावात यायचंय सगळ्यांना, घरं मोजकी, आणि विद्यापीठाच्या जागेवर मालमत्ता कर नाही. तिन्हींत भाडं इथेच सर्वात जास्त. गावात स्वयंपाक करणारे, साफसफाई करणारे आणि पुष्कळसे विद्यार्थीसुद्धा शेजारच्या इप्सिलँटीत राहतात आणि बसने ये-जा करतात. बस चांगली आहे, विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर फुकट आहे. तरी तुझ्या शीटमध्ये गाव ॲन आर्बर आणि भाडं इप्सिलँटीचं, अशी गल्लत झाली आहे. भाड्याचा आकडा जिथला, प्रवासाचा वेळही तिथलाच धर.

आणि मॅचचा शनिवार. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १,२३,८५१, आणि स्टेडियममध्ये बसायची सोय १,०७,६०१ जणांची! त्या दिवशी लोक घरापुढच्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात. एकदा तरी बघच, मजा असते. फक्त त्या दिवशी किराणा आणायला निघू नकोस.

मॅडिसनला तू दोन गुण कमी का दिलेस ते कळलं नाही. देखणेपणात ते तिन्हींत पहिलं. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर गावाचा मध्य वसलाय. पट्टीवर विस्कॉन्सिन राज्याच्या विधिमंडळाचा घुमट, तिथून विद्यापीठापर्यंत पायी जायची स्टेट स्ट्रीट. १९७२ पासून शनिवारी घुमटाभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो आणि सगळी गर्दी एकाच दिशेने फिरते, घड्याळाच्या उलट. पहिल्यांदा गेले तेव्हा मला राहवेना. आपण देवळात जन्मभर उजवं घालायचं आणि इथे हजारो माणसं चीजचे तुकडे चघळत उलटी प्रदक्षिणा घालताहेत. मी सुलट चालून पाहिलं. दहा पावलांत चार धक्के आणि एक ‘सॉरी’.

हिवाळ्यात मेंडोटा गोठतं आणि लोक त्यावरून चालतात, भोकं पाडून मासे धरतात. मला मॅडिसनचा हिवाळा म्हणूनच सोसला. थंडी तेवढीच, पण लोक थंडीत बाहेर पडतात, त्यांच्यामागून आपणही पडतो. राजधानी असल्यामुळे विद्यापीठ सुट्टीवर गेलं तरी गाव ओस पडत नाही, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. नोकऱ्याही आहेत. शेजारच्या व्हेरोनात एपिक ही इस्पितळांचं सॉफ्टवेअर करणारी मोठी कंपनी आहे. घरभाडी चढली त्यात तिथे येणाऱ्या तरुण पगारदारांचाही वाटा आहे.

मॅडिसनची खरी खोड भाडेकराराची. विद्यापीठाजवळच्या बहुतेक घरांची लीज १४ ऑगस्टला संपते आणि नवी १५ ला सुरू होते. मधली रात्र तुझी तू बघायची. एका वर्षी मी ती रात्र मैत्रिणीच्या ओसरीवर काढली, शेजारी दोन सुटकेसी, मिक्सर आणि कुकर. रस्त्यावर अख्खा संसार टाकून लोक निघून जातात. टेबलं, खुर्च्या, दिवे, जे हवं ते उचल. गादी मात्र कधीही उचलू नकोस, ढेकूण फुकटात येतात. आणि रेल्वे नाही. मिलवॉकीहून मॅडिसनला गाडी आणायला केंद्र सरकारने ८१ कोटी डॉलर मंजूर केले होते. २०१० मध्ये निवडून आलेल्या गव्हर्नरांनी ते नाकारले, त्यामुळे अजूनही शिकागोला जायचं तर बसच.

या दोन्ही गावांतले लोक आपल्या गावाबद्दल एकच विनोद सांगतात: वास्तवाने चहूबाजूंनी वेढलेलं गाव. विनोद मूळ आपलाच, असं दोघांनाही वाटतं.

आता माझं ६१ गुणांचं गाव, इलिनॉय राज्यातलं. नाव कसं घ्यायचं इथपासूनच भांडण. विद्यापीठ म्हणतं अर्बाना-शॅम्पेन, गावकरी म्हणतात शॅम्पेन-अर्बाना. मूळ गाव अर्बाना. १८५४ साली रेल्वे आली ती गावाच्या दोन मैल पश्चिमेने, आणि स्टेशनाभोवती दुसरं गाव उभं राहून पहिल्यापेक्षा मोठं झालं. ‘मक्याच्या शेतातलं विद्यापीठ’ हे तू शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंयस. बरोबर लिहिलंयस. मका इतका जवळ आहे की तो विद्यापीठाच्या मधोमध उभा आहे. मॉरो प्लॉट्स म्हणतात त्याला, १८७६ पासून प्रयोगासाठी राखलेलं शेत. १९६० च्या दशकात शेजारी ग्रंथालय बांधायचं ठरलं तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. मी अमरावती जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. पिकाला ऊन मिळावं म्हणून इमारत पाताळात घालणारे लोक मला पहिल्याच दिवशी आवडले.

पहिल्या ऑक्टोबरात मका निघाला आणि खालची जमीन दिसली. काळीभोर! गावाकडची आठवण येऊन मी बसमध्ये रडले. तसं दोन्हींचं कूळ वेगळं. आपली काळी बेसाल्टची, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिथली हजारो वर्षं उंच गवताची मुळं कुजून झालेली. तिथे पूर्वी दलदल होती. जमिनीत भाजक्या मातीच्या नळ्या पुरून पाणी काढलं तेव्हा शेती झाली. आपल्याकडे सोयाबीन रुजलं त्यामागे साठच्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांत झालेलं काम आहे, आणि दोन्हीकडे हातभार लावायला शास्त्रज्ञ या अर्बानाहून गेले होते. त्याच्याही आधी रवींद्रनाथांचा मुलगा रथींद्रनाथ इथे शेती शिकून गेला, आणि १९१२-१३ च्या हिवाळ्यात खुद्द रवींद्रनाथ अर्बानात मुक्कामाला होते. त्यांनी थंडी कशी काढली असेल याचा विचार मी बसथांब्यावर पुष्कळदा केला आहे.

बसथांबा म्हणजे तिथे माझं दुसरं घर. बसमार्गांना रंगांची नावं आहेत: यलो, रेड, टील, लॅव्हेंडर. विद्यार्थ्यांच्या फीमध्येच बसचे पैसे असतात. मी दोन वर्षं गाडीवाचून राहिले आणि गाडीसाठी कोणापुढे तोंड वेंगाडलं नाही. भाडं तिन्ही गावांत इथे सगळ्यात कमी. शिकागो सुमारे २२० किलोमीटर, रोज तीन रेल्वेगाड्या. वेळापत्रकात साधारण तीन तासांत पोचतात, पण रूळ मालगाडीवाल्यांचे, त्यामुळे प्रत्यक्षात पोचतील तेव्हा खऱ्या. तिथे डेव्हन ॲव्हेन्यूवर आपल्या दुकानांतून वर्षभराची हळद-हिंग आणून ठेवायची.

गाव कंटाळवाणं आहे का? आहे. डोंगर नाही, तळं नाही, शिकागोकडून निघालेल्या वाऱ्याला वाटेत आडवं यायला काही नाही. दक्षिणेचा वारा सुटला की विद्यापीठाच्या गोठ्यांचा वास येतो. मला तो चालायचा, माझ्या दिल्लीच्या रूममेटला चालायचा नाही. करमणूक म्हणजे क्रॅनर्ट सेंटर हे विद्यापीठाचं नाट्यगृह, विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त, आणि बाकी एकमेकींची स्वयंपाकघरं. संक्रांतीला आम्ही पाच जणींनी ब्राउन शुगरचे तिळाचे लाडू केले. वळले नाहीत, मग वाटीत घेऊन चमच्याने खाल्ले. त्या चौघींशी माझं अजून बोलणं आहे. मॅडिसनच्या चार वर्षांतलं असं कोणी आज माझ्या फोनमध्ये नाही.

पण पदवी झाली की मी तिथून निघाले, तेही सांगायला हवं. तेव्हा तिथे माझ्यासाठी काम नव्हतं. २००१ नंतर विद्यापीठाचा रिसर्च पार्क, म्हणजे कंपन्यांच्या कचेऱ्यांची वसाहत, उभा राहिला, सत्र चालू असतानाही तिथे इंटर्नशिप मिळू शकते. तरी मुक्कामाला थांबणारे थोडेच. आणि घरमालक तिथेही तसेच. माझ्या मालकाने गालिच्यावरच्या हळदीच्या एका डागापायी अर्धं डिपॉझिट कापलं. तो डाग आधीच्या भाडेकरूचा होता, पण माझ्याकडे पुरावा नव्हता. चावी हातात आली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढ, मालकाला मेल कर.

वेस्ट लाफियेत, ब्लूमिंग्टन, आयोवा सिटी या विद्यापीठांच्या गावांना तू यादीतूनच काढलंस. अर्जच केले नव्हतेस, तेव्हा ठीक. पण ‘नाव ऐकलं नाही’ हे कारण देऊ नकोस. आयोवा सिटीच्या लेखकांच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात राहून आले. ब्लूमिंग्टनच्या भोवतालच्या खाणींतला चुनखडी दगड एम्पायर स्टेट बिल्डिंगला लागलाय. आपण नाव ऐकलं नाही, तो दोष गावाचा कसा?

आता असं कर. प्रत्येक गावात तुला परवडेल अशी एक खरी खोली निवड, आणि तिथून तुझ्या विभागापर्यंत रविवारी रात्री दहाची बस आहे का ते नकाशावर बघ. दिवसा सगळीकडे असते. दुसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या मुलीला गाठून विचार, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाच्या सुट्टीच्या, आठवड्यात काय खाल्लंस आणि कोणाबरोबर. ‘गाव कसं आहे’ असं विचारशील तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर येईल. विमानाचं तिकीट काढण्याआधी लीजची तारीख बघ. आणि यातल्या कुठल्याही ठिकाणाहून असिस्टंटशिप (विद्यापीठातलं पगारी काम) आली, फी माफ झाली, तर हे पत्र घडी करून ठेव आणि तिकडे जा. तशा प्रस्तावाला उत्तर द्यायला साधारण १५ एप्रिलपर्यंत मुभा असते. त्याआधी कोणी घाई केली तर मला फोन कर.

तुझ्या आईने मला हळूच विचारलं, गावाचं नावच शॅम्पेन, पोरगी तिथे बिघडणार तर नाही ना? तिला सांग, स्पेलिंग वेगळं आहे. तिथे मका पिकतो आणि सोयाबीन, आपल्यासारखंच.

तुझी,
मावशी