‘डीप स्पेस नाइन’नंतरची पुस्तकं: क्रमांक नको, लेखक बघा

तुमचे प्रश्न तीन आहेत. स्टार ट्रेकच्या ‘डीप स्पेस नाइन’ या अंतराळ-मालिकेचे सातही सीझन बघून संपले, पुढची गोष्ट कादंबऱ्यांत आहे असं कळलं, पण यादी उघडली तर शेकड्यांनी नावं, मग सुरुवात कुठून करायची? दुसरा, ही पुस्तकं ‘कॅनन’, म्हणजे अधिकृत कथेचा भाग, नाहीत, उद्या एखाद्या नव्या मालिकेने ती खोटी पाडली तर वाचलेलं वाया गेलं का? आणि तिसरा, तिच्या आधीची स्टार ट्रेक मालिका ‘नेक्स्ट जनरेशन’ सगळी बघायला हवी का? मधला प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर पटलं नाही तर यादी देऊन उपयोग नाही.

स्टार ट्रेकमध्ये नियम जुना आणि सरळ आहे. पडद्यावर दिसलं तेच अधिकृत. कादंबरीला परवाना असतो, आधी आराखडा आणि मग हस्तलिखित हक्क असलेल्या कंपनीकडून मंजूर करून घ्यावं लागतं, पण पुढच्या मालिकेच्या लेखकांवर त्या कादंबरीचं कसलंही बंधन नसतं. जुळवून घ्यायचं ते पुस्तकाने. तरीही अधूनमधून पुस्तकातलं काहीतरी पडद्यावर चढतंच. मूळ मालिकेतल्या सुलू या पात्राचं हिकारू हे पहिलं नाव वोंडा मॅकिन्टायर यांच्या 1981 च्या ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ या कादंबरीतलं. पडद्यावर ते उच्चारलं गेलं थेट 1991 च्या सहाव्या चित्रपटात. मधली दहा वर्षं ते ‘अनधिकृत’ होतं, म्हणून त्या काळात कादंबरी वाचणाऱ्यांचं काही बिघडलं का?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेत तर याहून मोठी उलथापालथ झाली. 1989 मध्ये मालिका बंद पडली आणि 1991 पासून व्हर्जिन या प्रकाशनाने नव्या कादंबऱ्या काढायला सुरुवात केली. पडद्यावर मालिका नाही म्हटल्यावर पुस्तकं हीच मालिका झाली. पॉल कॉर्नेल यांनी त्या मालेत 1995 साली ‘ह्यूमन नेचर’ लिहिली. मालिकेचा नायक, डॉक्टर, आपण कोण हे विसरून पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या इंग्लंडमधल्या एका शाळेत मास्तर म्हणून राहतो, अशी ती गोष्ट. बारा वर्षांनी, 2007 मध्ये, कॉर्नेल यांनीच तिच्यावरून टीव्हीसाठी दोन भाग लिहिले. डॉक्टरची भूमिका नट बदलत चालू राहते: कादंबरीत सातवा डॉक्टर होता, पडद्यावर डेव्हिड टेनंटचा दहावा आला. मालिका 2005 मध्ये परत आणणारे रसेल टी. डेव्हिस यांनीही त्याच मालेत एक कादंबरी लिहिली होती, ‘डॅमेज्ड गुड्स’. म्हणजे ज्यांना ‘फक्त टाय-इन (मालिकेवर बेतलेली पुस्तकं) लिहिणारे’ म्हणून नाकं मुरडली जात होती, त्यांच्यातल्याच माणसांनी पुढे मालिका हाती घेतली.

आणि खोटं ठरण्याबद्दल. जॉन एम. फोर्ड यांची ‘द फायनल रिफ्लेक्शन’ 1984 ची आहे. क्लिंगॉन या परग्रहवासी योद्ध्यांचा समाज आतून कसा असेल, त्यांचे खेळ, घराणी, सत्तेची गणितं हे सगळं क्लिंगॉन माणसाच्या नजरेतून. मूळ मालिकेतला कॅप्टन कर्क आणि त्याची मंडळी मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी डोकावतात. कर्क हे पुस्तक वाचतोय एवढीच त्याची भूमिका. तीन वर्षांनी ‘नेक्स्ट जनरेशन’ आली आणि तिने क्लिंगॉन वेगळ्याच पद्धतीने रंगवले. फोर्डचे क्लिंगॉन त्या दिवशी चुकीचे ठरले. जाणकार वाचक मात्र आजही सर्वोत्तम स्टार ट्रेक कादंबऱ्यांत तिचं नाव पहिल्या काहींत घेतात. मला स्वतःला टीव्हीवरच्या क्लिंगॉनांपेक्षा फोर्डचे जास्त पटतात. टीव्हीवाले फार ओरडतात.

तुमच्या कामाची पुस्तकंही अशीच खोटी ठरली आहेत, हे आधीच सांगून टाकते. 2020 मध्ये ‘पिकार्ड’ मालिका आली आणि कादंबऱ्यांनी वीसेक वर्षं रचत आणलेलं भविष्य तिच्याशी जुळेना. मग डेटन वॉर्ड, जेम्स स्वॅलो आणि डेव्हिड मॅक या तिघांनी 2021 मध्ये ‘कोडा’ नावाच्या तीन पुस्तकांत त्या सगळ्या जगाचा रीतसर शेवट लिहिला. गुपचूप गुंडाळून टाकण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण ती तीन पुस्तकं इतक्यात उघडूसुद्धा नका. ज्यांच्याशी अजून ओळख झाली नाही त्यांच्या निरोप समारंभाला जाऊन काय करणार?

आता सुरुवातीबद्दल. त्यासाठी या पुस्तकांचा धंदा कसा चालतो ते थोडं कळायला हवं. मालिका चालू असताना लिहिलेल्या कादंबरीची मोठी अडचण म्हणजे शेवटच्या पानावर सगळं जिथल्या तिथे ठेवावं लागतं. पुढच्या आठवड्यात नवा एपिसोड आहे. त्यात कर्नल किरा जिवंत हवी, ओडो सुरक्षा अधिकारी हवा, क्वार्कचा बार उघडा हवा. लेखकाने कोणाला मारायचं नाही, कोणाचं लग्न लावायचं नाही, कोणाला काही कायमचं कळू द्यायचं नाही. म्हणून त्या काळातल्या बऱ्याच क्रमांकित कादंबऱ्या म्हणजे लांबलेला एक साधारण एपिसोड असतो. तुम्हाला यादीत दिसलेल्या शेकडो नावांपैकी मोठा भाग हाच. वाईट नसतात, पण त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवावा अशाही नसतात.

यातून पळवाटा दोन निघाल्या. एक म्हणजे पडद्यावर नसलेलं जहाज घ्यायचं. पीटर डेव्हिड यांनी 1997 मध्ये ‘न्यू फ्रंटियर’ सुरू केली ती अशी. कॅप्टन मॅकेन्झी कॅल्हून आणि त्याचं जहाज फक्त पुस्तकांतलं, त्यामुळे तिथे काहीही होऊ शकतं आणि होतंही. विनोद जरा जास्त आहे, चालत असेल तर वाचा. दुसरी पळवाट म्हणजे मालिका संपण्याची वाट बघायची. ‘डीप स्पेस नाइन’ 1999 मध्ये संपली आणि संपादक मार्को पाल्मिएरी यांच्या देखरेखीखाली कादंबऱ्यांनी ती सरळ पुढे चालू ठेवली. हेच तुम्हाला हवं आहे.

पहिलं पुस्तक एस. डी. पेरी यांचं ‘अवतार’, दोन भाग, 2001. शेवटच्या एपिसोडनंतर काही महिन्यांनी गोष्ट सुरू होते. मालिका जिथे घडते त्या अंतराळ स्थानकाचा प्रमुख सिस्को नाही, ओडो नाही, वॉर्फ आणि ओब्रायन गेलेले, आणि स्थानक किराच्या हाती. नवी माणसं येतात: वयाची शंभरी ओलांडलेला एलायस वॉन, शार नावाचा तरुण अँडोरियन, आणि स्थानकावर राहायला पाठवलेला एक जेम’हदार, म्हणजे कालपर्यंत शत्रू असलेल्या डोमिनियनचा सैनिक. पहिल्या पन्नासेक पानांत ‘हे कोण उपटसुंभ’ असं वाटेल, ते वाटू द्या. या दोन भागांत किराच्या श्रद्धेवर जो घाव बसतो तो मालिका चालू असताना कोणी बसू दिला नसता, आणि त्याची जखम पुढच्या कितीतरी पुस्तकांत भरत नाही. हे सुटं पुस्तक करू शकत नाही.

तिथून पुढे ‘अबिस’ (डॉक्टर बशीरसाठी), ‘डीमन्स ऑफ एअर अँड डार्कनेस’, मग ‘मिशन गॅमा’चे चार भाग, सिस्कोच्या मुलाचं, जेकचं, ‘रायझिंग सन’ आणि 2003 चं ‘युनिटी’. ‘अवतार’पासून ‘डीमन्स’पर्यंतचा मजकूर ‘ट्विस्ट ऑफ फेथ’ नावाच्या एकाच जाड खंडात आहे, तो मिळाला तर उत्तम. ‘मिशन गॅमा’चा पहिला भाग ‘ट्वायलाइट’ चांगलाच जाडजूड आणि संथ आहे. तिथे बरेच जण सोडून देतात. सोडू नका, शार आणि वॉन दोघांचीही पाळंमुळं त्या मालेतच कळतात. ‘युनिटी’ला एक मोठं वर्तुळ पूर्ण होतं. तिथे खुशाल थांबा. त्यानंतर ‘वर्ल्ड्स ऑफ डीप स्पेस नाइन’ चे तीन खंड सुंदर आहेत, पण नंतर धागा विस्कटतो. 2009 च्या ‘द सोल की’नंतर गोष्ट एकदम काही वर्षं पुढे उडी मारते आणि अर्धवट राहिलेलं एक मोठं कथानक 2015 च्या ‘असेन्डन्स’मध्ये पुरं होतं. क्रमाने वाचणाऱ्याची तिथे चिडचिड होते.

यादी जरा वेळ बाजूला ठेवून दोन पुस्तकं मात्र घ्याच. पहिलं ‘अ स्टिच इन टाइम’, 2000 सालचं. लेखक अँड्र्यू रॉबिन्सन, म्हणजे साक्षात गॅरॅक, मालिकेतल्या त्या हेर-शिंप्याची भूमिका करणारे नट. भूमिका समजून घेण्यासाठी त्यांनी गॅरॅकच्या नावाने रोजनिशी लिहिली होती, चाहत्यांच्या मेळाव्यांत ते त्यातले उतारे वाचून दाखवत, आणि त्यातूनच ही कादंबरी झाली. उद्ध्वस्त कार्डेशिया या आपल्या ग्रहावरून गॅरॅकने बशीरला लिहिलेलं एक लांबलचक पत्र असा तिचा घाट आहे. बालपण, हेरगिरीच्या शाळेतली वर्षं, शिंप्याचं दुकान, सगळं येतं, आणि यातलं खरं किती हा प्रश्न शेवटपर्यंत तसाच राहतो. गॅरॅकचं पुस्तक आहे, दुसरं काय होणार. ऑडिओबुकही रॉबिन्सन यांनी स्वतः वाचलं आहे. इंग्रजी ऐकायची सवय असेल तर वाचण्याऐवजी ऐकाच.

दुसरं ऊना मॅकॉर्मॅक यांचं ‘द नेव्हर-एन्डिंग सॅक्रिफाइस’, 2009. दुसऱ्या सीझनमधला ‘कार्डेशियन्स’ हा भाग आठवा: कार्डेशियनांच्या जाचाखाली राहिलेल्या बजोरी आईबापांनी वाढवलेला रुगल नावाचा कार्डेशियन मुलगा, आणि सिस्को त्याला त्याच्या जन्मदात्या बापाच्या हवाली करतो. एपिसोड तिथे संपतो आणि त्या मुलाचं नाव पुन्हा निघत नाही. मॅकॉर्मॅक यांनी विचारलं की पुढे त्याचं काय झालं. ज्यांचा तिरस्कार करायला शिकला त्यांच्यातच त्याला राहायचं आहे. मग डोमिनियनचं सगळं युद्ध तुम्ही त्या पोराच्या डोळ्यांनी, हरणाऱ्या बाजूने बघता. सिस्को आणि मंडळी जवळपास नाहीतच. टाय-इन कादंबरीने करावं असं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी हे पुस्तक पुढे करते.

क्रमांकापेक्षा लेखक बघा असं म्हणते ते यासाठी. मॅकॉर्मॅक, डेव्हिड मॅक, डायेन ड्युएन (त्यांची रोम्युलन आणि व्हल्कन या परग्रहवासीयांवरची पुस्तकं वाचा), ही नावं दिसली की डोळे झाकून घ्या. नवा लेखक असेल तर पहिलं प्रकरण चाळा. पात्राचे डोळे, केस, नाकाच्या सुरकुत्या यांचंच वर्णन चाललंय, किंवा माणसं सारखी जुन्या एपिसोडची आठवण काढतायत, तर लेखकाकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नाही. चेहरा आणि आवाज वाचकाला आधीच माहीत आहे. चांगला लेखक ती सगळी पानं वाचवतो आणि पडद्याला जमत नाही तिथे, पात्राच्या डोक्यात शिरतो.

एपिसोडवरूनच लिहिलेल्या पुस्तकांना, म्हणजे नॉव्हेलायझेशनना, तुम्ही हात लावला नाहीत तरी चालेल. घरी व्हिडिओ नव्हते तेव्हा हुकलेला भाग पुन्हा अनुभवायचा तोच मार्ग होता. जेम्स ब्लिश यांनी मूळ मालिकेच्या पटकथांवरून 1967 पासून अशा गोष्टी लिहिल्या. ‘डॉक्टर हू’ची गोष्ट वेगळी, कारण बीबीसीने साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग पुसून टाकले आणि त्यांच्यासाठी टार्गेट प्रकाशनाची ती छोटी पुस्तकंच आधार ठरली. टेरन्स डिक्स यांनी एकट्याने साठहून अधिक लिहिली.

तुम्ही ‘बॅबिलॉन 5’ ही वेगळी अंतराळ-मालिका पण बघताय असं म्हणालात. तिथे कॅननचं गणित निराळं आहे. साय कोअर, सेन्टॉरी आणि टेक्नोमेज या तिन्ही त्रयींचे आराखडे निर्माते स्ट्रझिन्स्की यांनीच दिले होते, त्यामुळे त्या मालिकेच्याच पुढच्या-मागच्या गोष्टी समजून वाचता येतात. सुरुवातीच्या सुट्या कादंबऱ्या सोडा. त्यांतलं कॅथरिन ड्रेनन यांचं ‘टू ड्रीम इन द सिटी ऑफ सॉरोज’ तेवढं ठेवा, मालिकेतला सिंक्लेअर मिनबार ग्रहावर गेल्यावर काय झालं ते त्यात आहे. पण मालिका पूर्ण संपल्यावरच. सेन्टॉरी त्रयी आधी वाचलीत तर लोंडो या सेन्टॉरी पात्राची सगळी मजा जाईल.

राहिला ‘नेक्स्ट जनरेशन’चा प्रश्न. सगळी बघायची गरज नाही. ‘अवतार’मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’मधली रो लॅरन स्थानकाची सुरक्षा अधिकारी म्हणून येते आणि तिचा भूतकाळ माहीत असेल तर तिचं किराशी का पटत नाही हे लगेच कळतं. त्यासाठी पाचव्या सीझनमधला ‘एन्साइन रो’ आणि सातव्यातला ‘प्रीएम्प्टिव्ह स्ट्राइक’ हे दोन भाग बघा. वेळ असेल तर कॅप्टन पिकार्ड बोर्ग या अर्धयांत्रिक शत्रूच्या तावडीत सापडतो तो ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ही बघा, कारण पुढे मॅक यांची ‘डेस्टिनी’ त्रयी घ्यायचा विचार असेल तर ते लागेलच.