समुद्रकाठच्या साहित्य महोत्सवाला, पर्यावरणाला फारसा त्रास न देता, शनिवार-रविवारात जाऊन येता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणं मुंबईच्या आसपास, समुद्राकाठी भरणाऱ्या एखाद्या साहित्य महोत्सवाला जायची इच्छा, हाताशी शनिवार-रविवार, आणि जाऊन येताना मागे कचरा आणि धूर कमीत कमी राहावा. बाटली, पिशवी, बांबूचा ब्रश असं सामान घेतलंय, अजून काय घ्यावं?

सामान पुरे झालं. रजा घ्या.

चेष्टा नाही. मी डोंबिवलीला राहते आणि कोळिकोडच्या, म्हणजे आपल्या जुन्या कालिकतच्या, केरळ साहित्य महोत्सवाला तीनदा जाऊन आले आहे. पहिल्या वेळी तुमच्यासारखाच हिशोब केला होता. शुक्रवारी रात्री विमान, रविवारी रात्री परत. सोबत स्टीलची बाटली, कापडी पिशवी, घडीचा चमचा. विमानतळ करिपूरला, शहरापासून २५-३० किलोमीटर. तिथून टॅक्सी, परतताना पुन्हा टॅक्सी. दोन दिवसांत मी प्लॅस्टिकचे फार तर सहा-सात कप वाचवले असतील, आणि त्यासाठी दोनदा विमानात बसले. परत आल्यावर बहिणीने विचारलं, "ताई, चमचा कामाला आला का?" त्यानंतर विमानाने गेले नाही.

अशा सहलीचा बराचसा भार प्रवासाचा असतो. तिथे पोचल्यावर तुम्ही कशातून चहा पिता याने फरक पडतो, पण तो चिल्लर. माणशी हिशोब केला तर रेल्वे विमानापेक्षा कितीतरी हलकी पडते. कोकण रेल्वेच्या सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. आपली बरीच वीज अजून कोळशावरच होते हे खरं, तरी भरलेल्या गाडीत एका माणसाच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं.

तेव्हा गाडी. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून रोज नेत्रावती एक्स्प्रेस सुटते, साधारण साडेअकराच्या पुढे. ठाण्याला, पनवेलला चढता येतं. अकराशेच्या आसपास किलोमीटर, वीसेक तास. गुरुवारी निघालात की शुक्रवारी सकाळी कोळिकोड. रविवारी संध्याकाळी परतीची नेत्रावती धरलीत की सोमवारी दुपारनंतर घरी. म्हणजे तीन रजा. महोत्सव जानेवारीत असतो, पण तारखा हलतात. २०२४ मध्ये तो ११ ते १४ होता, २०२५ मध्ये २३ ते २६. प्रजासत्ताक दिन सोमवारी आला आणि महोत्सव त्याच्या आधीच्या आठवड्यात असला तर दोन रजांत भागतं.

वीस तास वाया जातात असं मला आधी वाटायचं. आता त्या वीस तासांसाठीच जाते असं घरचे म्हणतात. पनवेल ते कुडाळ हा भाग उजेडात जातो, निदान बराचसा. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की डब्यातली सगळी पोरं एकदम ओरडतात, दर वेळी. दुसऱ्या दिवशी जाग येते ती कासरगोडच्या पुढे कुठेतरी. खिडकीबाहेर माड, खाडी, पुन्हा माड. कोकणातून निघून कोकणातच पोचलो की काय असं वाटतं, फक्त पाट्या वाचता येत नाहीत.

गाडीतलं जेवण मात्र घेऊ नका. चवीचं सोडा, एका जेवणामागे केवढी झाकणं, पुड्या, कागद निघतात ते मोजून बघा. मी दशम्या नेते. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, जरा जास्त तेल लावून भाजलेल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं. जानेवारीच्या हवेत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आरामात टिकतात. आपल्या आज्या काशी-रामेश्वराला असंच खात गेल्या, त्यांना कुणी पर्यावरणवादी म्हटलं नाही.

स्टेशनपासून समुद्रकिनारा दीड किलोमीटरच्या आसपास आहे. लॉज या दोन्हींच्या मधे घ्या. तेवढं जमवलंत तर तीन दिवस वाहन लागत नाही. एसीचे पैसेही भरू नका, जानेवारीत रात्री पंखा पुरतो.

आता खुद्द महोत्सवाबद्दल. २०१६ पासून भरतो, डीसी किळक्केमुरी फाउंडेशन भरवतं, आणि प्रवेशाला पैसे नाहीत. किनाऱ्यावरच मांडव घालतात आणि एकाच वेळी चार-पाच ठिकाणी सत्रं चालू असतात. इंग्रजी सत्रं बरीच असतात, पण खरी गर्दी मल्याळम सत्रांना. मला मल्याळम येत नाही, तरी एका तरी सत्राला मुद्दाम बसते. गेल्या खेपेला माझ्या शेजारी शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली वहीत भराभर काहीतरी टिपून घेत होत्या, मागे खाकी शर्टातला एक रिक्षावाला उभा. वारा माईकमध्ये शिरून फरफर आवाज येत होता, चपलेत वाळू, आणि स्टेजवरच्या लेखकाने काही म्हटलं की सगळा मांडव एकदम हसायचा. मी पण हसले, उगाच. आपल्या साहित्य संमेलनांत एवढ्या तरुण चेहऱ्यांची गर्दी पुस्तकांच्या गाळ्यांपाशी तरी दिसते, परिसंवादांना क्वचित. युनेस्कोने २०२३ मध्ये कोळिकोडला 'साहित्य नगरी' म्हटलं, भारतातलं पहिलंच शहर. ते का, हे त्या मांडवात बसल्यावर कळलं.

पाणी विकत घ्यावं लागणार नाही. तिथल्या खानावळीत बसलात की समोर फिक्या गुलाबी रंगाचं कोमट पाणी येतं. पहिल्यांदा मला वाटलं पेला नीट धुतला नाही. ते पतिमुखम, म्हणजे आपल्याकडे ज्याला पतंगाचं लाकूड म्हणतात, त्याचा तुकडा घालून उकळलेलं पाणी. नीट उकळलेलं असलं की पोटाची फारशी भीती नाही. मागितलं की बाटली भरून देतात. दुपारी केळीच्या पानावरचं जेवण घ्या. भात जाडा, तांबूस, आपल्या उकड्या तांदळाच्या जवळचा. मासे खात असाल तर सुरमई-पापलेटाच्या मागे लागू नका. मत्ती मागा, म्हणजे तारली, नाहीतर अयला, म्हणजे बांगडा. स्वस्त, ताजे, आणि ही लहान मासळी पटापट वाढणारी असते.

आणि हलवा. स्टेशनजवळची एस. एम. स्ट्रीट, मल्याळममध्ये मिठाई तेरुव, तिथे काचेमागे लाल, हिरव्या, काळ्या हलव्याच्या विटा रचलेल्या असतात. काळा घ्या. गुळाचा आणि खोबरेल तेलाचा, सुरीने कापताना सुरीला चिकटून ताणला जाणारा. मी स्टीलचा डबा पुढे केला तर दुकानदार काका थांबले, डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, रिकामा डबा आधी तराजूत ठेवून वजन घेतलं, मग पोराला काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. वजनापेक्षा एक तुकडा जास्त आला. 'इक्का' म्हणून हाक मारायची, मलबारात मुसलमान थोरल्या भावासाठी तोच शब्द. बाकीच्यांना 'चेट्टा'.

कचऱ्याच्या बाबतीत तुम्ही तिथे कुणाला काही शिकवायला जात नाही, हे लक्षात ठेवा. केरळात हरित कर्म सेनेच्या बायका हिरवे कोट घालून दारोदार जाऊन सुका, न कुजणारा कचरा गोळा करतात, आणि त्यासाठी घरं दरमहा पैसे मोजतात. आमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा करा म्हटलं तर सभेत भांडण होतं.

शनिवारी दुपारी सत्रांचा कंटाळा येतोच. तेव्हा साध्या बसने बेपूरला जा, दहाएक किलोमीटर. मल्याळमचे मोठे लेखक वैकम मुहम्मद बशीर तिथे राहायचे, अंगणातल्या मँगोस्टीनच्या झाडाखाली आरामखुर्ची टाकून ग्रामोफोन ऐकत बसायचे. तिथेच खाडीकाठी 'उरू' बांधतात, लाकडी गलबतं. ज्यांनी वेंगुर्ल्या-मालवणकडे जुनी गलबतं पाहिली आहेत त्यांना ओळख पटेल, फक्त आकाराने हबकून जाल. चालियार नदी ओलांडायला जंगार, म्हणजे गाड्याही नेणारी फेरीबोट असते. चालू असली तर तिच्यात बसून पलीकडे जाऊन नुसतं परत यायचं. दुसऱ्या बाजूला, उत्तरेला काप्पड, जिथे १४९८ मध्ये वास्को द गामा उतरला असं मानतात. ते मला फारसं भावलं नाही. एक शिळा आणि भरपूर सेल्फी.

पुस्तकं किती घ्यायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी चार ठरवते आणि नऊ आणते. म्हणून जाताना पिशवी अर्धी रिकामी ठेवते.

रजा मिळतच नसेल तर विमानाने कोळिकोडला जाऊ नका, त्यापेक्षा जवळचं बघा. गोव्याचा कला आणि साहित्य महोत्सव २०१० मध्ये सुरू झाला. तो दोना पावलाला भरत आलाय, रात्रीच्या गाडीने मडगाव गाठता येतं. त्याच्या तारखा आधी पाहून घ्या. आणि महोत्सवच हवा असा हट्ट नसेल तर रात्रीच्या गाडीने रत्नागिरी, तिथून एसटीने मालगुंड. केशवसुतांचं स्मारक बघायचं, गणपतीपुळ्याची गर्दी टाळून किनाऱ्यावर वाचत बसायचं.

तिकिटाचं तेवढं मनावर घ्या. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही, आणि जानेवारीतली नेत्रावती पटकन भरते. तारखा जाहीर झाल्या की कॅलेंडरवर उलटे ६० दिवस मोजून खूण करा आणि त्या दिवशी सकाळी आठला बसा. नाहीच मिळालं तर मत्स्यगंधाने मंगळूरपर्यंत जा. ती दुपारी सुटते आणि सकाळी पोचवते, पुढे कोळिकोड सव्वादोनशे किलोमीटर, दिवसभर गाड्या आहेत. मी एकदा तसं गेले. जनरलच्या डब्यात उभी, हातात दशम्यांचा डबा. कण्णूरला बसायला जागा मिळाली.