भिंतीवर सरकणारे चपटे कवच

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखे चपटे, करडे असे काही चिकटलेले दिसते आणि थोड्या वेळाने ते जागा बदलते. हा कोणता किडा? लोकरीच्या कपड्यांना त्याचा धोका आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही टिनीइडी कुळातील फेरिओएका प्रजातीच्या पतंगाची अळी असावी. आपल्याला दिसते ते मात्र तिचे कवच आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर अळी आपल्या रेशमी धाग्याने वाळूचे कण, धूळ आणि तंतू जोडून आधी एक कमान उभारते, ती वाढवत वाढवत तिचा बंद बोगदा करते आणि पुढे शरीराच्या वाढीबरोबर कवचही मोठे करत जाते. पूर्ण वाढलेले कवच साधारण ८ ते १४ मिलिमीटर लांब असते. ते दोन्ही टोकांना उघडे आणि मध्ये रुंद असल्यामुळे अळीला आतल्या आत वळून कोणत्याही टोकाने डोके बाहेर काढता येते. पायांच्या तीन जोड्यांनी ती हे ओझे ओढत नेते.

तिचे आवडते खाद्य म्हणजे कोळ्यांची जुनी जळमटे. मेलेल्या कीटकांचे अवशेष, गळलेले केस आणि लोकरही ती खाते, त्यामुळे दमट कपाटातील शालीला धोका आहेच. सुती कपड्यांची काळजी नसावी. दमट हवा तिला मानवते, म्हणून कोकणातील न्हाणीघरे तिला सोयीची.

मादी फटींत आणि भिंत-जमिनीच्या सांध्यात सुमारे २०० अंडी चिकटवते व नंतर मरते. अंडी १० दिवसांच्या आसपास उबतात, अळीची अवस्था जवळजवळ ५० दिवस टिकते, आणि मग अळी उंच जागी कवच पक्के बांधून आतच कोषावस्थेत जाते. सुमारे दोन आठवड्यांनी करड्या रंगाचा लहानसा पतंग बाहेर पडतो. तो काही खात नाही.

कीटकनाशक फवारण्याचे कारण मला दिसत नाही. कोपऱ्यांतील, पलंगाखालील जळमटे वरचेवर काढावीत, हवा खेळती ठेवावी आणि दिसतील ती कवचे झाडून घराबाहेर टाकावीत. एखाद्या कवचाच्या टोकातून कोषाची रिकामी कात डोकावत असेल, तर त्यातील पतंग आधीच उडून गेला आहे असे समजावे.