वाचकांचे प्रश्न : संगणक क्षेत्रातील नोकरी आणि परदेशाचा व्हिसा

लातूर, नांदेड, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर येथून अलीकडे आलेल्या पत्रांत परदेशातील नोकरीच्या व्हिसाचा विषय वारंवार येतो आहे. त्यांतील चार पत्रांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत. पगाराच्या मर्यादा आणि शुल्क दरवर्षी बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील आकडाच प्रमाण मानावा.

प्रश्न : मी लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून २०१८ साली संगणक शाखेची पदवी घेतली आणि सध्या पुण्यात बॅकएंड डेव्हलपर आहे. म्युनिकच्या एका कंपनीने वार्षिक ५२,००० युरो पगाराची ऑफर दिली आहे. लातूरचा एक एजंट म्हणतो की पदवीवर ॲपोस्टिल करावे लागेल आणि त्यासह व्हिसाची सगळी फाइल तो दीड लाख रुपयांत करून देईल. पैसे द्यावेत का? पत्नीला सोबत नेता येईल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : पैसे देऊ नका. ॲपोस्टिल म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार सरकारी कागदावर मारला जाणारा प्रमाणीकरणाचा शिक्का. भारत २००५ पासून त्या करारात आहे, परंतु भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे भारत आणि जर्मनी यांच्यात तो शिक्का चालत नाही. जो एजंट जर्मनीच्या फाइलसाठी ॲपोस्टिलचे पैसे मागतो, त्याला एकतर नियम माहीत नाहीत किंवा तुम्हाला ते माहीत नसावेत अशी त्याची अपेक्षा आहे.

तुमच्या पदवीची ओळख पटवणारी खरी जागा म्हणजे ‘अनाबिन’ हा जर्मन सरकारचा माहितीकोश. तो सर्वांसाठी खुला आणि विनामूल्य आहे. तेथे आपल्याकडची बरीच मुले महाविद्यालयाचे नाव टाकतात, ते सापडले नाही की घाबरतात आणि मग एजंटकडे जातात. शोधायचे असते ते पदवी देणारे विद्यापीठ. २०१८ च्या सुमारास लातूर-नांदेड भागातून अभियंते झालेल्यांच्या प्रमाणपत्रावर साधारणपणे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे नाव असते, तर त्यानंतरच्या तुकड्यांतील अनेकांच्या प्रमाणपत्रावर लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे. स्वतःचे प्रमाणपत्र हातात घेऊन त्यावरील नावच शोधा. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे जर्मनीत मान्यता असलेले) असा दर्जा आणि तुमच्या पदवीपुढे ती जर्मन पदवीशी समकक्ष असल्याची नोंद, असे दोन्ही मिळाले तर ती दोन पाने छापून फाइलला जोडावीत. यांपैकी एक जरी मिळाले नाही, तर जर्मनीच्या केंद्रीय परदेशी शिक्षण कार्यालयाकडून समकक्षतेचे पत्र मागवावे लागते. त्याचे शुल्क २०८ युरो असून अर्ज स्वतःलाच करता येतो.

येथे एक अडचण हमखास येते, म्हणून थोडे थांबून सांगतो. नोकरीच्या घाईत अनेकांनी महाविद्यालयातून फक्त उत्तीर्ण प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका घेतलेल्या असतात, दीक्षान्त समारंभाचा अर्ज भरायचा राहून गेलेला असतो आणि मूळ पदवी प्रमाणपत्र त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. तुमचे तसे असेल तर ऑफरवर सही करण्याची वाट न पाहता आजच विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे अर्ज करा, कारण संपूर्ण प्रक्रियेत तुमच्या हातातला सर्वांत वेळखाऊ टप्पा बहुधा हाच ठरेल.

आता पगाराचे पाहू. युरोपीय संघाच्या ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या काम-वास्तव्याच्या परवान्यासाठी, जर्मनीची २०२६ सालची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे. संगणक तज्ज्ञांसारख्या मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी ती ४५,९३४.२० युरो आहे. तुमचा पगार पहिल्याच मर्यादेच्या वर असल्यामुळे जर्मन रोजगार खात्याची वेगळी संमतीही लागत नाही. मात्र करारातील पदनाम आणि अनुभवपत्रातील काम यांचा मेळ बसला पाहिजे. पुण्यातील कंपन्या ‘असोसिएट कन्सल्टंट’ अशी काहीही न सांगणारी पदनामे देतात आणि अनुभवपत्रात केवळ रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख लिहितात. मनुष्यबळ विभागाला विनंती करून, तुम्ही कोणत्या प्रणालींवर आणि कोणते काम केले हे चार-पाच वाक्यांत लिहून घ्या. करारासोबत नोकरीचा तपशील देणारा जर्मन सरकारचा एक ठरावीक नमुना असतो, तो म्युनिकच्या कंपनीनेच भरून सही करून पाठवायचा असतो. घाई असेल तर कंपनी तेथील परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रियाही सुरू करू शकते. तुमच्या बाजूला उरतात ते ७५ युरो व्हिसा शुल्क, प्रवासाचा विमा आणि मुंबईची एक खेप.

पत्नीला नक्की नेता येईल. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला निघण्यापूर्वी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तेथे पोचल्यावर नोकरी करण्याचीही मुभा असते. तरीही दोघांनी आतापासून जर्मन शिकावे, असा माझा आग्रह आहे. ब्लू कार्डावर २७ महिने काम केल्यानंतर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, आणि भाषेची बी-१ ही मध्यम पातळी गाठली असेल तर तोच अर्ज २१ महिन्यांनी करता येतो.

प्रश्न : मी नांदेडला बीसीए केले असून सात वर्षे हैदराबादमध्ये एका अमेरिकी कंपनीच्या भारतीय शाखेत क्लाउड इंजिनिअर आहे. एक कन्सल्टन्सी म्हणते की बीसीए तीनच वर्षांचे असल्यामुळे अनुभव दहा वर्षांचा दाखवावा लागेल. त्या आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी तीन कंपन्या माझे नाव एच-१बीच्या सोडतीत टाकतील, म्हणजे संधी चौपट होईल. हे कितपत खरे आहे?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : यातले काहीही खरे नाही. एच-१बी म्हणजे तज्ज्ञतेच्या कामासाठी मिळणारा अमेरिकेचा व्हिसा. मार्च २०२४ पासून त्याची सोडत उमेदवाराच्या पासपोर्टवर चालते. चार कंपन्यांनी नोंदणी केली तरी तुमचे नाव एकदाच धरले जाते. आणि प्रत्यक्षात नोकरी नसताना नुसती नोंदणी करणे हा त्या कंपन्यांचा गैरव्यवहार ठरतो, ज्यात तुमचेही नाव अडकते.

अनुभवाच्या खोट्या आकड्याबद्दल तर मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण येथे फसवणुकीची गरजसुद्धा नाही. एच-१बीसाठी चार वर्षांच्या अमेरिकी पदवीशी समकक्ष शिक्षण लागते. शिक्षणाच्या कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षापोटी त्याच विषयातील तज्ज्ञतेच्या कामाची तीन वर्षे धरण्याचा नियम आहे. तुमचे एक वर्ष कमी पडते आणि अनुभव सात वर्षांचा आहे, म्हणजे खरे तेच पुरेसे आहे. उलट खोटी तीन वर्षे जोडली, तर भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात तुम्ही कोठे आणि केव्हा नोकरीला होता हे महिन्यागणिक दिसते. अमेरिकी कायद्यानुसार व्हिसासाठी महत्त्वाची खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास त्या देशात प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते.

एच-१बीचा अर्ज कंपनी करते, उमेदवार करत नाही, हे आपल्याकडे अजून नीट पोचलेले नाही. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा असतात. नोंदणी मार्चमध्ये होते आणि निवड झालेल्यांचे काम १ ऑक्टोबरपासून सुरू होऊ शकते. २०२६ च्या नोंदणीपासून जास्त पगारश्रेणीच्या नोकरीला सोडतीत अधिक वजन दिले जाते. त्यातच २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरची रक्कम लावण्याचा आदेश निघाला. एवढा खर्च एखादी छोटी कन्सल्टन्सी तुमच्यासाठी करील हे मला संभवनीय वाटत नाही. तो या ना त्या मार्गाने तुमच्याकडूनच वसूल होईल.

तुमच्यासाठी अधिक सरळ रस्ता तुमच्या स्वतःच्या कचेरीतूनच जातो. मागील तीन वर्षांत सलग एक वर्ष परदेशातील शाखेत काम केलेल्या कर्मचाऱ्याला कंपनी एल-१ व्हिसावर अमेरिकेत बदली देऊ शकते. त्याला सोडत नाही आणि वरील रकमेचा आदेशही त्याला लागू नाही. कंपनीच्या कामाचे विशेष ज्ञान असलेल्यांना तो जास्तीत जास्त पाच वर्षे आणि व्यवस्थापकांना सात वर्षे मिळतो. वरिष्ठांशी बदलीबद्दल स्पष्ट बोला आणि तुमच्याकडे असलेले कोणते ज्ञान अमेरिकेतील चमूला लागते आहे, हे त्यांना लेखी द्या.

प्रश्न : पासपोर्टवर माझे जन्मस्थान औरंगाबाद आहे, तर आधारवर पत्ता छत्रपती संभाजीनगर असा आला आहे. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. लंडनची कंपनी स्पॉन्सर करण्यास तयार आहे. मुलीचा जन्म २०२४ चा आहे. कागदपत्रे आधी दुरुस्त करावीत का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शहराच्या नावासाठी काहीही दुरुस्त करू नका. नामांतर २०२३ साली झाले आणि त्याची राजपत्रातील अधिसूचना उपलब्ध आहे. अर्जात पासपोर्टवर जे छापले आहे तेच अक्षरशः लिहावे आणि अधिसूचनेची प्रत जोडावी. धाराशिवच्या वाचकांनाही हेच लागू आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असणे ही आपल्या शिक्षण मंडळाची नेहमीची पद्धत असल्यामुळे त्यानेही बिघडत नाही. अर्जात मात्र पासपोर्टच्या रकान्यांप्रमाणेच नाव आणि आडनाव भरावे.

माहेर-सासरच्या नावांचा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. लग्नपत्रिका आणि फोटो यांनी काम भागत नाही. नोंदणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. ज्या वाचक भगिनींचे लग्न अजून व्हायचे आहे त्यांनी लक्षात ठेवावे की लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदलणे कायद्याने सक्तीचे नाही, आणि परदेशी नोकरीचा विचार असेल तर पदवीवरचेच नाव ठेवणे सोयीचे पडते.

मुलीचा पासपोर्ट लवकर काढा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्म प्रमाणपत्रच चालते. अनेकदा महानगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदीत बाळाचे नाव रिकामे राहिलेले असते, ते बारशानंतर भरून घेतले आहे का हे आधी पाहा.

ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी वार्षिक पगार किमान ४१,७०० पौंड किंवा त्या व्यवसायाचा ठरवून दिलेला दर, यांपैकी जो अधिक असेल तो लागतो. ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांसाठी इंग्रजीची पातळी बी-२, म्हणजे बी-१ च्या वरची, केली आहे. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांना ७७६ पौंड असून तो संपूर्ण मुदतीचा आगाऊ भरायचा असतो, म्हणून कंपनी तो देणार का, हे करारापूर्वीच विचारा. कंपनीचे नाव परवानाधारक स्पॉन्सरांच्या सरकारी यादीत आहे ना, हेही स्वतः पाहून घ्या.

प्रश्न : आमचे गाव गंगाखेड तालुक्यात आहे. मुलाने पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटर डिप्लोमा केला. टेलिग्रामवर ओळख झालेला एक माणूस थायलंडमध्ये ‘डिजिटल मार्केटिंग’ची नोकरी, महिना ८०,००० रुपये आणि राहणे-जेवण मोफत, असे सांगतो. व्हिसा तिथे गेल्यावर होईल, आत्ता तीन लाख द्या, असे म्हणतो. आम्ही बैलजोडी विकून पैसे उभे करण्याच्या विचारात आहोत.
— एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : बैलजोडी विकू नका आणि मुलाला पाठवू नका. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही. कामाची परवानगी देणारा व्हिसा निघण्यापूर्वी हातात असावा लागतो. अशा नोकऱ्यांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच जाहीर इशारा दिला होता. संगणकाचे ज्ञान असलेल्या तरुणांना बँकॉकला उतरवून बेकायदा सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेले जाते, पासपोर्ट काढून घेतला जातो आणि मारहाणीच्या धाकाने त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचे काम करवून घेतले जाते. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी अशा ५०० हून अधिक भारतीयांना परत आणावे लागले.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला भारत सरकारचा परवाना लागतो आणि त्याला उमेदवाराकडून कमाल ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. परवाना क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. त्या माणसाकडे फक्त क्रमांक मागा. बहुधा तिथेच बोलणे संपेल. काही पैसे आधीच दिले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा आणि टेलिग्रामवरील संभाषण पुसू नका, कारण पोलिसांपुढे पुरावा तोच आहे.

मुलाची इच्छा चुकीची नाही, फक्त तिला थोडा वेळ हवा. जर्मनीच्या ब्लू कार्डात संगणक तज्ज्ञांना पदवीची अट शिथिल आहे. मागील सात वर्षांत पदवीधराच्या तोडीचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि वर लिहिलेल्या ४५,९३४.२० युरोंच्या मर्यादेएवढा पगार असेल तर डिप्लोमाधारकालाही तो मिळू शकतो. त्यासाठी त्याने पुणे, छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबाद येथे प्रोग्रॅमिंगची नोकरी धरावी. पगार सुरुवातीला कमी असला तरी भविष्य निर्वाह निधी कापला जाईल आणि नियुक्तीपत्र मिळेल अशीच नोकरी पाहावी. पगाराच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून जपून ठेवाव्यात.