नव्या पंचायत सदस्याला

बापू, निवडून आलास, आता गुलाल धुऊन टाक. मासिक सभेत प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेतले ठराव लिहायची वही, पुढं येईल. कोऱ्या पानावर सही करू नको. मी एकदा केली, अन् त्यावर न झालेला ठराव उमटला. अधिकार कायद्यातून येतो, खुर्चीतून नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायत संविधानात आली. कलम २४३ वाच. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं फर्मान चालायचं, त्याला जाब कोण विचारणार? तुला मात्र गाव विचारणारच. टँकरच्या खेपा बहुमतानं ठरवा, पण विरोधात मत दिलं म्हणून एखाद्या वस्तीचं पाणी तोडता येत नाही, तिथं संविधानाचं कलम १४, म्हणजे कायद्यापुढं सगळे समान, आडवं येतं. (उन्हाळ्यात कळेलच.) अन् हिशेब ग्रामसभेत मोठ्यानं वाच, मागच्या रांगेतल्या बायांना ऐकू जाईल असा.